हात लावायचा नाही

आई: तू ऐकते आहेस की नुसती मान हलवते आहेस?

मावशी: दोन्ही करते आहे. आणि तू त्या येरझाऱ्या थांबव बरं. स्क्रू पडलाय खाली, तिळाएवढा. तुझ्या पायाखाली गेला तर गिऱ्हाइकाचा चष्मा आज होत नाही.

आई: घे, थांबले. आता बोल.

मावशी: काय बोलू?

आई: येत्या रविवारी चिमी खाडी पोहणार आहे. चौतीस किलोमीटर. सोबतच्या नावेत तू बसायचंस. हो की नाही, एवढंच सांग.

मावशी: नाही.

आई: अगं, विचार तरी कर.

मावशी: अकरा वर्षं केला. एकदा बसले तुझ्या नावेत, पुरे झालं.

आई: म्हणजे आज तो विषय काढायचा का आपण?

मावशी: तूच कधी काढला नाहीस. रोज सकाळी साडेपाचला तलावावर भेटतो आपण. तुझा नवरा सोडून गेला, माझे बाबा गेले, तुझ्या आगारात दोन महिने संप चालला, सगळं सगळं बोललो. तेवढं सोडून.

आई: कारण बोलले असते तर भांडले असते.

मावशी: मग भांड. गिऱ्हाईक चारला येणार आहे, वेळ आहे.

आई: किनारा दिसत होता मला. दोन किलोमीटर राहिले होते. एका घराच्या गच्चीवर कपडे वाळत घातलेले दिसत होते, त्यातली लाल चादर अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. बारा तास पोहले होते मी. तू प्रश्न विचारत होतीस, मी उत्तरं देत होते. आणि तू वाकलीस आणि माझ्या खांद्याला हात लावलास. झालं. पोहणाऱ्याला हात लागला की पोहणं बाद. बारा तास आणि त्याआधीची तीन वर्षं, सगळं एका हातात गेलं.

मावशी: हो. लावला.

आई: एवढंच?

मावशी: अजून काय? लावला, हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी तू तलावावर आलीस, पाण्यात उतरलीस आणि म्हणालीस, "आज पाणी गार आहे." मी म्हटलं, "हो, आहे." तिथून आपण पुढे पोहत राहिलो.

आई: मग काय करणार होते? दुसरी मैत्रीण कुठून आणू? आपली ओळख कशी झाली ते विसरलीस का? तलावातली दहा किलोमीटरची स्पर्धा. आपण दोघी शेवटून पहिल्या. बाहेर आलो तर मंडप काढून नेलेला, खुर्च्या टेम्पोत भरलेल्या, वेळ लिहून घ्यायला माणूस नाही.

मावशी: तू माझी वेळ लिहिलीस आणि मी तुझी. बिस्किटाच्या पुड्यावर.

आई: आणि तू मुद्दाम माझ्या वेळेत एक मिनिट वाढवलंस.

मावशी: तू एक मिनिट मागे होतीस.

आई: बघ, वीस वर्षांत एकदा म्हणून खोटं बोलली नाहीस. म्हणून तर तुला विचारते आहे.

मावशी: तू बस ना नावेत. तू आई आहेस तिची. खाडीतलं पाणी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आई: मी बसले तर तिला बाहेर काढणार नाही. मला ठाऊक आहे मी कशी आहे. तिचे ओठ निळे पडले तरी मी वरून "चल, चल, थोडंच राहिलंय" म्हणत बसेन. माझं राहिलेलं तिच्याकडून करून घेईन. गेल्या आठवड्यात तलावात तिला पेटका आला, तर मी काय म्हणाले असेन? "दुसऱ्या पायाने मार." ती तशीच पोहत राहिली. घरी आल्यावर मला रात्रभर झोप नाही.

मावशी: चिमीला विचारलंस? तिला कोण हवंय?

आई: ती म्हणते, मावशी असेल तर मी निर्धास्त पोहीन. मावशी असेल तर. माझं नावही नाही. ती शाळेत असताना मी तिकडे पाण्यात, नाहीतर आगारात. ही इथे तुझ्या दुकानात अभ्यास करायची. या स्टुलावरच.

मावशी: त्या स्टुलावर नाही. ते मोडलं. हे नवीन आहे.

आई: बसशील का?

मावशी: नावेतला निर्णय माझा. तुला पटो न पटो.

आई: तुझाच.

मावशी: तू काही बोलायचं नाहीस.

आई: मी? बोलायचं नाही?

मावशी: प्रयत्न कर. आणि तो डावा पाय उचल. तुझ्या चपलेखाली आहे स्क्रू.

(रविवार. नावेत. दुपारचे सव्वातीन. मुलगी पहाटे पाचपासून पाण्यात आहे. परीक्षक पुढच्या टोकाला वही घेऊन बसले आहेत.)

नावाडी: ताई, एक सांगू का? तो दीपस्तंभ बघा. अडीचला तो आपल्या नावेच्या खांबाच्या रेषेत होता. आत्ताही तिथेच आहे.

मावशी: म्हणजे ती जागच्या जागी पोहते आहे.

नावाडी: पाण्याची ओढ फिरली. अंदाजापेक्षा लवकर फिरली. अजून तासभर तरी अशीच राहील. किनारा तीन किलोमीटर.

आई: तिला सांगायचं का?

मावशी: नाही.

आई: मी बोलत नव्हते. विचारत होते.

मावशी: सकाळपासून विचारतेच आहेस. जरा गप्प बस, मोजू दे. चोपन्न.

आई: सकाळी मिनिटाला बासष्ट हात मारत होती.

मावशी: मला माहीत आहे. सकाळीही मीच मोजत होते.

आई: डावा हात नीट येत नाहीये तिचा. बघ ना, पाण्यातून ओढल्यासारखा येतो आहे.

मावशी: दिसतंय. साडेतीन वाजले, बाटली सोड. दोर लांब धर, खाली वाकू नकोस. तुझं बोट लागलं तर उगाच घोटाळा होईल. चिमे, इकडे. पाठीवर हो आणि पी.

मुलगी: किती राहिलं?

मावशी: आधी पी. काल कोणत्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त केलीस?

मुलगी: काल नाही. काल रजा होती. परवा.

मावशी: बरं, परवा.

मुलगी: दवाखान्याची. चौथ्या मजल्यावर दार अडकत होतं. कोणीतरी फटीत चमचा टाकला होता. किती राहिलं, मावशी?

मावशी: राहिलं तेवढं राहिलं. अजून एक घोट. बाटली सोड. जा.

आई: नाव का नाही विचारलंस?

मावशी: नाव माणूस झोपेतही सांगतं. त्यावरून काही कळत नाही.

आई: मला तर नावच विचारलं होतंस.

मावशी: ते पहिल्यांदा. मग दुसरं विचारलं.

आई: दुसरं काय?

मावशी: आत्ता नाही. त्रेपन्न.

आई: थरथरते आहे ती. मला इथून दिसतंय. पाणी एवढं गार, साडेदहा तास झाले, आणि हा दीपस्तंभ मेला हलायला तयार नाही. तिला कशाला त्या ओढीशी झगडायला लावायचं? काढ तिला.

मावशी: अजून नाही.

आई: काढ म्हणते ना.

मावशी: थरथरते आहे हे चांगलं आहे. थरथर थांबली की भीती. तुझी थांबली होती.

आई: आज माझं नको सांगूस.

नावाडी: ताई, जरा एका बाजूला उभ्या राहू नका. नाव कलते आहे.

मावशी: बस ना खाली.

आई: बसवत नाही.

मावशी: मग त्या दोराला धर आणि तशी उभी राहा. बावन्न.

आई: बावन्न. पन्नासच्या खाली गेली की काय करणार आहेस?

मावशी: पन्नासच्या खाली दोन वेळा आली तर काढणार. मनाशी ठरवलंय.

आई: आणि तोपर्यंत? तोपर्यंत बघत बसायचं?

मावशी: हो. नावेत बसणाऱ्याला तेवढंच काम असतं.

आई: तुला कसं जमतं गं हे?

मावशी: नाही जमत. मघापासून घड्याळ दोन हातांनी धरलंय मी. चार वाजले. चिमे, इकडे.

मुलगी: आले.

मावशी: शंभरातून सात वजा करत खाली ये.

मुलगी: त्र्याण्णव. शहाऐंशी. मग... एकोणऐंशी. एकाहत्तर.

आई: चुकली. बहात्तर. चुकली ती. ऐकलंस ना? आता काढ.

मावशी: ती शाळेतही तिथेच चुकायची. चिमे, माझ्याकडे बघ. आत्ता नावेत काय चाललंय?

मुलगी: आईला खाली बसव.

मावशी: का?

मुलगी: उभी आहे ती. दोर पकडून. तिच्याकडे बघितलं की मला धाप लागते. आणि तुझा चष्मा डोक्यावर आहे, तू शोधत असशील.

मावशी: बाटली रिकामी कर. जा.

आई: तिला नीट दिसतंय सगळं.

मावशी: हो. पाठ करून सांगण्यासारखं नव्हतं ते. बस आता, तिने सांगितलंय.

आई: बसले. पण मला एक सांग. मी बरोबर उत्तरं देत होते, तरी मला काढलंस. ती चुकली, तरी तिला पोहू देते आहेस. हा कुठला न्याय?

मावशी: तू बरोबर उत्तरं देत नव्हतीस.

आई: देत होते. मला आठवतंय. किनारा समोर होता, ते घर, ती चादर.

मावशी: धुकं होतं त्या दिवशी. सकाळपासून. किनारा कोणालाच दिसत नव्हता. या दादांना विचार, हेच होते नावेवर.

नावाडी: होतं खरं. भोंगा वाजवत आणली होती मी नाव.

आई: मग मी काय बघितलं?

मावशी: ते मला नाही माहीत.

आई: आणि उत्तर? काय उत्तर दिलं होतं मी?

मावशी: आधी हिला किनाऱ्याला लागू दे. मग विचार. एक्कावन्न.

आई: अकरा वर्षं गप्प बसलीस आणि आता म्हणतेस नंतर विचार.

मावशी: हो. नंतर. पन्नास.

आई: देवा.

मावशी: बोलू नकोस. परत मोजते... एक्कावन्न.

नावाडी: ताई, दीपस्तंभ बघा.

मावशी: हलला?

नावाडी: हलला. थोडासाच, पण खांबाच्या मागे गेला. ओढ मरायला लागली. आता हात मारला की पुढे जाईल पोरगी.

आई: तिला सांगू?

मावशी: सांग. एवढं मात्र तूच सांग.

आई: चिमे, ओढ संपली. ऐकू येतंय का? पुढे सरकते आहेस तू. चल, अगं... नाही. चल नाही. तुला हवं तसं पोह. ऐकलंस? तुला हवं तसं.

मावशी: हात वर करून दाखवला तिने.

आई: दिसलं मला.

मावशी: चोपन्न. छप्पन्न.

आई: किती वेळ लागेल, दादा?

नावाडी: तास, सव्वा तास. पाणी साथ देतंय आता. मी किनाऱ्यापासून शंभर मीटरवर थांबणार, तिथून पुढे खडक आहेत. शेवटचं तिला एकटीलाच जावं लागेल.

आई: एकटीला.

मावशी: पाण्याबाहेर पूर्ण चालत जायचं असतं, कोणाच्या आधाराशिवाय. तेव्हाच परीक्षक शिट्टी वाजवतात. तुला माहीत आहे हे.

आई: माहीत आहे. वाचलेलं आहे. तिथवर गेले कुठे मी?

मावशी: पाणी पी थोडं. सकाळपासून घोटभर घेतलं नाहीस.

आई: तू तरी कुठे घेतलंस.

नावाडी: आता बघा. सव्वापाच. इथून पुढे मी जात नाही. ती गेली पुढे. उभं राहून बघा आता, काही हरकत नाही.

आई: कुठे आहे? मला दिसत नाही. ऊन डोळ्यावर येतंय.

मावशी: त्या काळ्या दगडाच्या डावीकडे. उभी राहायचा प्रयत्न करते आहे.

आई: पडली.

मावशी: पडली. उठेल.

आई: कोणीतरी येतंय तिच्याकडे. बघ, कोण तो माणूस? हात पुढे करतोय. अहो, लांब व्हा. लावू नका हात तिला.

मावशी: त्याला एवढ्या लांबून ऐकू येत नाही. थांब. तिने मानेने नाही म्हटलं. तो मागे झाला.

आई: परत पडली.

मावशी: गुडघ्यावर आहे. थांब. उठली. दोन पावलं. माझं मनगट सोड, बांगडी रुतते आहे.

आई: सोडत नाही.

मावशी: बरं, नको सोडूस. चार पावलं. पाणी घोट्याखाली गेलं. बाहेर आली. पूर्ण बाहेर.

नावाडी: शिट्टी झाली, ताई. बारा तास एकवीस मिनिटं, परीक्षक म्हणतात. मी छोटी होडी सोडतो तिला आणायला. नावेवरची पोरं दोन कांबळी घेऊन जातील. तुम्ही बसा निवांत.

आई: झालं?

मावशी: झालं.

आई: तू रडत नाहीस?

मावशी: मला अजून मोजल्यासारखंच वाटतंय. जरा वेळाने कळेल.

आई: आता सांग. ती यायच्या आत सांग.

मावशी: आज नको. आज चांगला दिवस आहे.

आई: म्हणूनच सांग. उद्या तू पुन्हा दुकानात जाशील, मी आगारात जाईन, आणि सकाळी पाणी गार आहे एवढंच बोलू. दुसरा प्रश्न काय विचारलास मला?

मावशी: नाव विचारलं. बरोबर सांगितलंस. गाव, आगार, बसचा नंबर, सगळं घडाघडा. थरथर थांबली होती तुझी. आणि हसत होतीस. ते मला आवडलं नाही. तू पोहताना कधी हसत नाहीस. म्हणून विचारलं, घरी कोण आहे?

आई: मग?

मावशी: तू म्हणालीस, कोणी नाही. मी पुन्हा विचारलं. नीट, हळू विचारलं. घरी कोण वाट बघतंय तुझी? तू म्हणालीस, कोणी नाही गं, मी एकटीच असते, सावकाश जाईन. आणि उलट्या दिशेला वळलीस. मोकळ्या समुद्राकडे. तेव्हा मी हात लावला.

आई: ती अकरा वर्षांची होती.

मावशी: हो.

आई: तुझ्या बहिणीकडे ठेवली होती आपण तिला. निघताना मला कागद दिला होता तिने, त्यावर काहीतरी काढलं होतं. मी पिशवीत टाकला.

मावशी: थंडीने मेंदू गारठला होता तुझा. ते तू नव्हतीस बोलत.

आई: मग कोण बोलत होतं?

मावशी: मला नाही माहीत. पण इतक्या वर्षांत तुला जेवढं पाहिलं आहे, त्यावरून सांगते. ती तू नव्हतीस.

आई: तिला हे कधी सांगितलंस का?

मावशी: कोणालाच नाही. परीक्षकांनाही नाही. कागदावर लिहिलं, हातांची गती चव्वेचाळीस, म्हणून काढलं. तेही खरंच होतं.

आई: मला का नाही सांगितलंस? मी दर वर्षी, कोणीही विचारलं की, किनारा दिसत होता म्हणून सांगत आले. तुझ्यासमोर सांगत आले. लोक तुझ्याकडे कसे बघायचे.

मावशी: बघायचे.

आई: एकदा तोंड उघडलं असतंस तर मी गप्प झाले असते.

मावशी: गप्प झाली असतीस, पण मग पाण्यात कधी उतरली नसतीस. चिमीच्या तोंडाकडे बघताना दर वेळी तुला ते आठवलं असतं. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी. माझ्यावर रागवून तू रोज सकाळी येत तरी होतीस.

आई: राग नव्हता गेला माझा. अगदी गेल्या आठवड्यापर्यंत.

मावशी: माहीत आहे. पाण्यात पुढे गेलीस की थांबायची नाहीस कधी. इतर बायकांसाठी थांबायचीस.

आई: ते लक्षात आलं होतं तुझ्या?

मावशी: शेवटचे दोनशे मीटर रोज एकटीने यायचे मी. लक्षात येणार नाही? तोंड धुऊन घे. होडी येते आहे.

नावाडी: सावकाश, सावकाश. पाय आधी टाक, पोरी. हां. धरा तिला, आता धरलं तरी चालतं.

मुलगी: मावशी, चुकलं होतं ना? एकाहत्तर नाही ना?

मावशी: बहात्तर.

मुलगी: पाण्यातच कळलं मला. पण परत येऊन सांगायला कंटाळा आला.

मावशी: हे कांबळं घट्ट गुंडाळ. डोकं झाक. बोलू नकोस जास्त.

मुलगी: आई, तू रडतेयस?

आई: नाही. ऊन आलं डोळ्यावर.

मुलगी: तू पण ये ना इकडे, कांबळ्यात. मला उद्या कामावर जायचं नाहीये, सांगून ठेवलंय. तुला पहाटेची ड्यूटी आहे ना? मी मावशीकडे जाऊन झोपते मग.

आई: ड्यूटी दुसऱ्या कोणाला तरी लावते. सरक जरा. उद्या मी घरीच आहे.